बेटावरील वीज आणि भाराची वाटणी

१

एखादे ओझे अनेकांनी मिळून उचलावयाचे असले म्हणजे कोणी किती उचलावे हा प्रश्न उपस्थित होतो. तो सोडविण्याचे दोन मार्ग मनुष्यव्यवहारात आढळतात. पहिला मार्ग मुकादमाचा. तो प्रत्येकास त्याचा वाटा सांगतो व सांगितल्याप्रमाणे काम होते की नाही हे पाहतो. दुसरा मार्ग पालखीच्या भोयांचा. त्यांना कोणी वाटा सांगत नाही. दांडी कोणत्या बाजूस कलते हे प्रत्येकाच्या खांद्यास कळते आणि त्या जाणिवेवरूनच तो आपला जोर कमी-अधिक करतो. अनेक विद्युत् जनित्रे एकाच जाळ्यास वीज पुरवीत असतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच दोन मार्ग असतात. त्यांतील दुसरा मार्ग कसा चालतो, त्याचा आधार कोणता आणि आजच्या काळात तो आधार का बदलत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

देशव्यापी वीजजालात हा प्रश्न सामान्य ग्राहकाच्या नजरेस येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्यास जोडले गेले. तेव्हापासून भारतभरची जनित्रे एका तालात फिरतात. मे २०२४ मध्ये देशाची मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅटपर्यंत गेली होती. एवढ्या पसाऱ्यात ५०० मेगावॅटचे एखादे जनित्र अकस्मात बंद पडले तरी ती तूट हजारातील दोन भागांइतकी ठरते आणि शेकडो जनित्रे ती आपसांत वाटून घेतात. परंतु जाळ्याचा एखादा तुकडा मूळ जाळ्यापासून तुटून एकटा पडला, की तेच जनित्र त्या तुकड्याचा निम्मा आधार असू शकते. मग वाटणीचा प्रश्न जीवनमरणाचा होतो.

पनवेल आणि त्याभोवतीच्या प्रदेशास याचा अनुभव १२ ऑक्टोबर २०२० रोजी आला. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई या टापूतील वीज गेली. कळवा आणि खारघर या दोन उपकेंद्रांना वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक सेवेबाहेर गेल्या होत्या. यांपैकी खारघर हे पनवेल तालुक्यातील होय. अशा प्रसंगी मुंबईची व्यवस्था बाहेरच्या जाळ्यापासून आपोआप अलग व्हावी आणि शहराशी निगडित असलेल्या जनित्रांवर तिने तग धरावा, अशी योजना सुमारे चार दशके अस्तित्वात होती. अभियंते तिला आयलँडिंग म्हणतात. मराठीत सांगावयाचे तर मूळ जाळ्यापासून तोडून घेतलेले विजेचे बेट. त्या दिवशी हे बेट टिकले नाही. टाटा पॉवर कंपनीने त्याच दिवशी दिलेल्या निवेदनात वारंवारतेची मोठी घसरण झाल्याचे सांगितले होते. कंपनीची ट्रॉम्बे येथील व जलविद्युत् केंद्रांतील जनित्रे बंद पडली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. उलट डहाणूच्या औष्णिक केंद्राभोवतीचे बेट मात्र टिकले. त्या केंद्रातून मुंबईतील अत्यावश्यक सेवांना सुमारे ३८५ मेगावॅट वीज पोहोचत असल्याचे अदानी कंपनीने त्या दिवशी जाहीर केले होते.

एक बेट टिकते आणि दुसरे बुडते, याचे कारण वारंवारता या एका शब्दाभोवती फिरते. म्हणून प्रथम त्या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे.

२

आपल्या घरातील विजेच्या प्रवाहाची दिशा एका सेकंदात पन्नास पूर्ण फेरे घेते. या संख्येस वारंवारता म्हणतात. मराठी विश्वकोशाने कंप्रता हा शब्द योजिला आहे. ही संख्या जनित्राच्या फिरण्यातून निर्माण होते. टर्बाइनच्या आसास जोडलेले अवजड चक्र जितक्या वेगाने फिरेल तितकी वारंवारता असते. भारतीय ग्रीड संहितेने ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राहावी असे ठरविले आहे.

वारंवारतेचा विशेष असा की, ती जाळ्यातील मागणी व पुरवठा यांच्या समतोलाचे माप असते. वीज जाळ्यात साठून राहत नाही. ज्या क्षणी ग्राहक अधिक वीज खेचतात त्या क्षणी ती कोठून तरी आलीच पाहिजे. टर्बाइनमध्ये वाफ किंवा पाणी वाढविण्यास काही सेकंद लागतात. तेवढा अवधी ही जादा वीज फिरत्या चक्राच्या गतीतून येते. चक्र आपल्या संचित गतीतील काही अंश देऊन टाकते व तेवढे मंद होते. म्हणून भार वाढला की वारंवारता उतरते आणि भार घटला की ती चढते. शिवाय स्थिर अवस्थेत ही संख्या संपूर्ण जाळ्यात एकच असते. पनवेलच्या घरातील विजेच्या बिंदूवर ती मोजली काय किंवा गुवाहाटीस मोजली काय, उत्तर एकच येते. म्हणजे जाळ्यातील प्रत्येक जनित्रास, कोणाही दुसऱ्या जनित्राशी तार वा दूरध्वनी न जोडता, सगळ्या जाळ्याची अवस्था आपल्या जागेवरच वाचता येते.

येथे न्यायशास्त्रातील धूर व अग्नी यांचे प्रसिद्ध उदाहरण आठवते. धूर पाहून अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर हा अग्नीचा परिणाम आहे. ती कोणी ठरवून दिलेली खूण नव्हे. शब्द आणि अर्थ यांचे नाते याहून निराळे असते. ‘पाणी’ या ध्वनिसमूहात पाण्याचा कोणताही गुण नाही. बोलणाऱ्यांच्या समाजाने तो संकेत मान्य केला आहे, इतकेच. फिरत्या जनित्रांच्या जाळ्यात वारंवारतेची घसरण ही पहिल्या जातीची, म्हणजे निसर्गसिद्ध खूण आहे. ती खोटे बोलू शकत नाही. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३

खूण सर्वांना दिसली तरी तिला कोणी कसा प्रतिसाद द्यावयाचा हे ठरावे लागते. हे काम गतिनियामकाचे, म्हणजे गव्हर्नरचे. जेम्स वॉट याने १७८८ मध्ये वाफेच्या यंत्रास असा नियामक बसविला. फिरत्या दांड्यास दोन जड गोळे लटकविलेले असत. वेग वाढला की ते बाहेर फेकले जात व वाफेची झडप थोडी मिटत असे. वेग घटला की झडप उघडत असे. या रचनेचा एक गुण प्रथमदर्शनी दोषासारखा वाटतो. भार वाढल्यावर हा नियामक वेग पूर्णपणे पूर्वपदावर आणत नाही. झडप अधिक उघडी राहावयाची तर गोळे थोडे खालीच राहिले पाहिजेत, म्हणजे वेगही थोडा कमीच राहिला पाहिजे. भार जितका अधिक तितका वेग किंचित कमी, असा एक उतार या यंत्रात जन्मतःच असतो. इंग्रजीत त्यास ड्रूप म्हणतात. त्या शब्दात मान टाकण्याची, कोमेजण्याची छटा आहे. मराठीत ‘उतार’ म्हणणे अधिक सोयीचे होईल. आलेखावर ही खरोखरच एक उतरती रेषा असते. शिवाय ‘तापाला उतार पडला’ या प्रयोगातील शमनाचा अर्थही येथे अगदीच अप्रस्तुत नाही.

वाटणीचे सारे रहस्य या उतारात आहे. पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कारखान्यात बाहेरची वीज गेल्यावर दोन डिझेल जनित्रे एकत्र चालतात अशी कल्पना करावी. एक २०० किलोवॅटचे, दुसरे १०० किलोवॅटचे. दोघांचाही उतार चार टक्के, म्हणजे २ हर्ट्झ. मुळीच भार नसताना वारंवारता ५१ हर्ट्झ व पूर्ण भार असताना ४९ हर्ट्झ. आता कारखान्याचा भार १५० किलोवॅट असला, तर दोन्ही जनित्रे एकाच वारंवारतेवर फिरत असल्यामुळे दोघांनाही आपापल्या रेषेवरील एकाच उंचीवर यावे लागते. ती उंची ५० हर्ट्झची. तेथे प्रत्येक जनित्र आपल्या क्षमतेच्या निम्म्यावर असते: मोठे १०० व लहान ५० किलोवॅट. भार २१० किलोवॅट झाला, तर वारंवारता ४९.६ हर्ट्झवर येते आणि दोघे सत्तर टक्क्यांवर येतात: १४० व ७० किलोवॅट. ज्याची जेवढी ताकद तेवढा त्याचा वाटा, अशी ही वाटणी कोणी न सांगता झाली.

आता लहान जनित्राचा उतार चुकून दोन टक्के ठेवला गेला असे समजावे. म्हणजे पूर्ण भारावर त्याची वारंवारता ५० हर्ट्झपर्यंतच उतरेल. १५० किलोवॅटच्या भारावर दोन्ही जनित्रे ५०.२५ हर्ट्झवर स्थिरावतील व प्रत्येकी ७५ किलोवॅट देतील. मोठ्या जनित्राचे हे काम चाळीस टक्क्यांहूनही कमी. लहान्याचे मात्र पाऊणपट. भार २१० किलोवॅट होताच दोघांवर प्रत्येकी १०५ किलोवॅट येतील. लहान जनित्र आपल्या मर्यादेपलीकडे गेले, त्याच्या संरक्षक यंत्रणेने ते बंद केले, की सगळा २१० किलोवॅटचा भार मोठ्यावर पडेल व तेही बंद होईल. एकंदर क्षमता ३०० किलोवॅट असताना २१० किलोवॅटवर अंधार होईल. येथे क्षमता पुरेशी होती. पण दोन जनित्रांनी एकाच खुणेचा निरनिराळा अर्थ लावला.

उतार मुळीच न ठेवता दोघांनीही नेमके ५० हर्ट्झ राखावे, अशी सूचना कोणी केल्यास ती वरवर अधिक शुद्ध वाटेल. परंतु कोणतीही दोन मापके अगदी एकसारखी नसतात. एकास जी वारंवारता ५०.०० वाटते ती दुसऱ्यास ४९.९९ वाटेल. दुसरे जनित्र ती वाढविण्यासाठी इंधन वाढवीत राहील, पहिले ती कमी करण्यासाठी इंधन घटवीत राहील आणि अखेर एकावर सारा भार जाऊन दुसरे रिकामे फिरू लागेल. वाटणी साधावयाची तर प्रत्येकाने आदर्शापासून थोडे ढळणे पत्करले पाहिजे. म्हणूनच भारतातील मोठ्या केंद्रांच्या गतिनियामकांसही ग्रीड संहितेने तीन ते सहा टक्के उतार घालून दिला आहे.

ही व्यवस्था या प्रदेशास नवी नाही. खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरील तलावांचे पाणी कोकणात उतरवून तयार झालेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांना जात असे. देशव्यापी जाळे तेव्हा अस्तित्वात नव्हते. मुंबईची वीजव्यवस्था आरंभी स्वभावतःच एक बेट होती. मायक्रोग्रिड हा शब्द अलीकडचा असला, तरी त्यामागील प्रश्न शंभर वर्षांचा आहे.

४

मायक्रोग्रिड म्हणजे एका गावास, वसाहतीस, रुग्णालयास वा कारखान्यास पुरेल असे लहान वीजजाल. त्यात सौर पटल, पवनचक्की, बॅटरी, डिझेल जनित्र यांपैकी काही साधने असतात आणि प्रसंगी ते मोठ्या जाळ्यापासून अलग होऊन स्वतःच्या बळावर चालू शकते. पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या लहानशा वस्तीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचे असे सौर जाळे उभारण्यात आले. तेथे ग्राम ऊर्जा या संस्थेच्या तांत्रिक साह्याने घरोघर मीटर बसवून वीज देण्यात आली. अशा जाळ्यांचा विचार करू लागताच एक नवी अडचण पुढे येते. सौर पटलात फिरते चक्र नाही आणि बॅटरीतही नाही. त्यांची एकदिश वीज इन्व्हर्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक साधनाने प्रत्यावर्ती केली जाते. या साधनाची वारंवारता आतील गणकयंत्र जेवढी ठरवील तेवढी असते. भार वाढला म्हणून ती आपोआप उतरत नाही. धूरच नाहीसा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

या अडचणीवरील उपाय १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात स्पष्टपणे मांडलेला आढळतो. मुकुल चांदोरकर, दीपक दिवाण आणि रामबाबू अडपा हे त्याचे लेखक. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चांदोरकर व दिवाण यांनी हे काम केले. चांदोरकर पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. मोठ्या जाळ्यापासून अलग असलेले अनेक इन्व्हर्टर परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण न करता भार कसा वाटून घेतील, हा त्या निबंधाचा विषय होता. उत्तर असे की, इन्व्हर्टरने आपण किती वीज देत आहोत हे स्वतःच मोजावे आणि ती जितकी अधिक तितकी आपली वारंवारता बुद्ध्याच किंचित उतरवावी. वॉटच्या गोळ्यांमध्ये जो उतार यंत्रधर्म म्हणून होता तो येथे नियम म्हणून लिहिला गेला. इन्व्हर्टर फिरत्या जनित्रासारखे वागू लागला, म्हणून त्याच्या शेजाऱ्यांना त्याची अवस्था कळू लागली. त्याच विद्यापीठातील रॉबर्ट लासेटर यांनी २००२ च्या सुमारास मायक्रोग्रिडची कल्पना विस्ताराने मांडली, आणि उताराचा हा नियम तिच्या पायाशी राहिला.

या स्थित्यंतराचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. टर्बाइनच्या जाळ्यात वारंवारतेची घसरण ही निसर्गसिद्ध खूण होती. इन्व्हर्टरच्या जाळ्यात ती मानलेला संकेत झाली. ती धुराच्या वर्गातून शब्दाच्या वर्गात आली. मानलेल्या संकेताचे सामर्थ्य मोठे असते, कारण त्यास नवे अर्थ देता येतात. उदाहरणार्थ, दिवसा बॅटरी पूर्ण भरली आणि सौर पटलांची वीज घेण्यास कोणी उरले नाही, तर बॅटरीचा इन्व्हर्टर वारंवारता मुद्दाम ५० हर्ट्झच्या वर नेतो. सौर इन्व्हर्टर ती वाचून आपली वीज घटवितात. ‘पुरे झाले’ हा संदेश एकही जादा तार न ओढता पोहोचतो. परंतु मानलेल्या संकेताची दुर्बलताही यातच आहे. सर्वांनी तो एकाच अर्थाने पाळला तरच तो संकेत राहतो. निरनिराळ्या कारखान्यांचे इन्व्हर्टर निरनिराळ्या उतारांचे असतील, तर वर पाहिलेल्या दोन डिझेल जनित्रांची गत त्यांचीही होईल.

५

वारंवारतेने जे साधते ते सर्वच बाबतींत साधत नाही. प्रत्यावर्ती विजेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या शक्तीबरोबर आणखी एक शक्ती असते. पंपांच्या व पंख्यांच्या मोटारींमधील चुंबकक्षेत्र उभे करण्यासाठी ती लागते. ती खर्च होत नाही, जनित्र आणि मोटार यांच्यामध्ये मागेपुढे हेलकावत राहते. मात्र तिचा बोजा तारांवर व जनित्रांवर पडतोच. तिला रिॲक्टिव्ह शक्ती म्हणतात. हिची वाटणी करण्यासाठी वारंवारतेऐवजी विद्युत् दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा, उतार वापरतात: रिॲक्टिव्ह शक्ती जितकी अधिक तितका दाब किंचित कमी.

परंतु दाब ही वारंवारतेसारखी सर्वत्र एक असणारी राशी नव्हे. तो जागोजाग निराळा असतो. फीडरच्या आरंभी २४० व्होल्ट असले तर टोकाच्या घरी २१५ असू शकतात. दूरच्या जनित्रास जो दाब दिसतो तो जवळच्यास दिसत नाही. त्यामुळे या शक्तीची वाटणी नेहमीच थोडी चुकते. जवळच्यावर अधिक बोजा पडतो. वारंवारता ही सर्व प्रांतांत सारखी समजणारी भाषा मानली, तर दाब ही कोसाकोसाला बदलणारी बोली आहे.

लहान जाळ्यात आणखी एक गुंतागुंत असते. उच्च दाबाच्या लांब वाहिन्यांमध्ये प्रत्यक्ष शक्तीचे वहन मुख्यतः दोन टोकांच्या तालातील अंतरावर अवलंबून असते, म्हणून तेथे वारंवारता तिचे उत्तम नियंत्रण करते. गावातील लघुदाबाच्या बारीक तारांत मात्र रोध अधिक असतो. तेथे प्रत्यक्ष शक्ती दाबावर अधिक अवलंबून राहते, आणि दोन नियम एकमेकांत मिसळतात. यावर तोड म्हणून इन्व्हर्टरच्या मुखाशी प्रत्यक्षात नसलेले वेटोळे असल्याप्रमाणे त्यास वागावयास लावतात. गणितातील या वेटोळ्यामुळे लहान तार मोठ्या वाहिनीसारखी भासते व दोन्ही नियम पुन्हा वेगळे होतात.

६

पालखीच्या भोयांच्या मार्गातील या उणिवा पाहून मुकादमाचा मार्ग बरा असे वाटणे साहजिक आहे. त्याचे दोन प्रकार रूढ आहेत. एका प्रकारात एक जनित्र प्रमुख असते. ते वारंवारता व दाब राखते आणि बाकीची त्याच्या मागे चालून सांगितलेला प्रवाह तेवढा देतात. रचना सोपी असते, पण प्रमुख बंद पडल्यास अनुयायांना मागे जाण्यास कोणी उरत नाही. दुसऱ्या प्रकारात मध्यवर्ती नियंत्रक प्रत्येक जनित्राचे माप घेऊन त्यास क्षणोक्षणी वाटा कळवितो. ही वाटणी अत्यंत अचूक असते. मात्र संदेशवाहक तार तुटली किंवा नियंत्रक बिघडला, की अचूकतेबरोबर वाटणीही जाते.

म्हणून व्यवहारात दोन्ही मार्गांचा मेळ घालण्यात येतो आणि नियंत्रण तीन पायऱ्यांत विभागण्यात येते. पहिली पायरी उताराची. ती सेकंदाच्या अंशात, संदेशाविना काम करते. दुसरी पायरी सावकाश, काही सेकंदांत वा मिनिटांत, उताराने आलेली घसरण भरून काढते. वरील उदाहरणात २१० किलोवॅटच्या भारावर वारंवारता ४९.६ हर्ट्झ झाली होती. दोन्ही जनित्रांच्या रेषा ०.४ हर्ट्झने वर उचलल्या, की भाराचे वाटे तेच राहतात आणि वारंवारता पुन्हा ५० होते. तिसरी पायरी मिनिटे व तास यांचा विचार करते: डिझेल केव्हा जाळावे, बॅटरी केव्हा भरावी, मोठ्या जाळ्याकडून किती वीज घ्यावी. अलीकडे दुसऱ्या पायरीसाठी मध्यवर्ती नियंत्रकाऐवजी शेजाऱ्याशेजाऱ्यांतील संवादाचा उपयोग करण्यात येतो. प्रत्येक जनित्र केवळ आपल्या शेजाऱ्यांची मापे विचारते, आपले माप त्यांच्या सरासरीकडे झुकविते आणि पुष्कळ फेऱ्यांनंतर सर्वांचे एकमत होते. या रचनेचा लाभ असा की, वरच्या पायऱ्या कोसळल्या तरी पहिली पायरी उभी राहते. वाटणी थोडी ओबडधोबड होईल, पण वीज जाणार नाही.

७

तथापि, वाटणीची कितीही उत्तम पद्धती असली तरी जे नाही ते वाटता येत नाही. बेटावरील जनित्रांची एकंदर क्षमता भारापेक्षा कमी असली, तर उताराचा नियम सर्वांना एकाच वेळी पूर्ण भारावर आणून सोडतो आणि तेथून पुढे वारंवारता घसरतच जाते. ही घसरण किती वेगाने होते याची कल्पना एका हिशेबाने येईल. जनित्रांच्या फिरत्या चक्रांत त्यांच्या पूर्ण क्षमतेच्या सुमारे चार सेकंदांइतकी ऊर्जा साठलेली असते असे धरावे. बेट होताच क्षमतेच्या निम्म्याइतकी तूट पडली, तर वारंवारता दर सेकंदास सुमारे ३ हर्ट्झने उतरेल. वारंवारता ४७.५ हर्ट्झच्या खाली गेल्यास टर्बाइनच्या पात्यांना अपाय पोहोचू नये म्हणून जनित्रे अलग होतात. म्हणजे बेट वाचविण्यास एक सेकंदही मिळत नाही. एवढ्यात काही करू शकेल ते केवळ स्वयंचलित रिले. वारंवारता ठरावीक आकड्याखाली जाताच ते एकेक फीडर तोडतात आणि उरलेला भार उरलेल्या जनित्रांना झेपेल इतका करतात.

मराठीत या कृतीस भारनियमन म्हणतात. या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. त्याचा घटकशः अर्थ भाराचे नियमन. परंतु महाराष्ट्रात वर्षानुवर्षे जो तुटवडा होता त्यामुळे लोकव्यवहारात त्याचा अर्थ ‘ठरलेल्या वेळी जाणारी वीज’ एवढाच उरला. बेटाच्या संदर्भात मात्र त्यास त्याचा मूळ अर्थ परत मिळतो. येथे भार तोडणे म्हणजे बाकीच्यांची वीज वाचविणे होय. कोणता फीडर प्रथम तोडावयाचा आणि कोणता अखेरपर्यंत राखावयाचा, म्हणजे रुग्णालय, रेल्वे व पाणीपुरवठा यांस कोणत्या क्रमाने ठेवावयाचे, हा निर्णय यंत्र अमलात आणते. घेतात मात्र माणसे, आणि तोही पुष्कळ आधी.

या दृष्टीने १२ ऑक्टोबर २०२० कडे पाहिले म्हणजे डहाणू व उर्वरित मुंबई यांतील फरक उलगडतो. मुंबईची मोठी मागणी बाहेरून येणाऱ्या विजेवर भागत होती व ती येण्याचे मार्गच तुटले होते. जेथे भार आणि हाताशी असलेले उत्पादन यांचा मेळ बसला तेथे बेट टिकले. जेथे तूट फार मोठी होती तेथे वारंवारतेने आपला नियम पाळला. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाहिनी सुरू झाली आणि मुंबईत सुमारे १,००० मेगावॅट वीज अधिक आणण्याची सोय झाली. मार्ग वाढले हे चांगलेच झाले. परंतु सर्वच मार्ग तुटल्यास बेटाने कसे वागावे हा प्रश्न त्याने सुटत नाही.

उरण तालुक्यातील घारापुरी बेटाचे उदाहरण याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांना संध्याकाळचे काही तास डिझेल जनित्राची वीज मिळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळावरून नेलेल्या केबलने हे बेट मोठ्या जाळ्यास जोडले गेले आणि अहोरात्र वीज आली. येथे बेटपण संपणे हीच प्रगती होती. लहान जाळे मोठ्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. मोठ्याशी जोडलेले असावे, पण प्रसंगी एकटे राहता यावे, हे मायक्रोग्रिडचे ध्येय आहे.

या ध्येयापासून आजची घराघरांवरील सौर यंत्रणा अद्याप दूर आहे. छपरावरील पटलांचे सर्वसाधारण इन्व्हर्टर अनुयायी असतात. जाळ्याची वारंवारता दिसेनाशी झाली की ते स्वतः बंद होतात. वाहिनीवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवास धोका होऊ नये, म्हणून तसा नियमच आहे आणि तो योग्यही आहे. परंतु त्यामुळे ऑक्टोबर महिन्यातील सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, पनवेलमधील एखादी इमारत छपरावर वीज तयार करण्याचे साधन बाळगूनही अंधारात राहू शकते. तिला मुख्य वाहिनीपासून सुरक्षितपणे अलग करणारी कळ, थोडीशी बॅटरी आणि स्वतः वारंवारता निर्माण करून उताराचा नियम पाळणारा इन्व्हर्टर, एवढी जोड मिळाल्यास ती निदान उदवाहन, पाण्याचा पंप व जिन्यातील दिवे चालवू शकेल.

जसजशी फिरती चक्रे कमी होतील आणि त्यांच्या जागी इन्व्हर्टर येतील, तसतसा हा प्रश्न लहान जाळ्यांपुरता मर्यादित राहणार नाही. आजवर जाळ्याची समान भाषा पदार्थविज्ञानाने फुकट दिली होती. यापुढे ती नियम करून, मानके घालून आणि प्रत्येक यंत्रात लिहून टिकवावी लागेल. उताराचे प्रमाण किती असावे, कोणत्या वारंवारतेवर कोणी काय करावे, भार तोडण्याचा क्रम कोणता, हे बेट होण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. कारण बेट झाल्यावर विचारविनिमयास एक सेकंदाचाही अवकाश नसतो.